अधिकृत की प्रमाण? लॉरेन्सच्या चरित्रांचा घोळ

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात सामील झालेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स, याच्यावरून वाद निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, “अहो, अधिकृत चरित्रातच तसं लिहिलंय!” इथे माझं डोकं फिरतं. या एका शब्दाला आपण दोन अर्थ चिकटवून ठेवलेत. एक, चरित्रनायकाने किंवा त्याच्या घरच्यांनी ज्याला संमती दिली ते. दुसरा, ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं ते. पहिल्यासाठी ‘अधिकृत’ खुशाल वापरा. दुसऱ्यासाठी ‘प्रमाण’ हा चांगला शब्द धूळ खात पडलाय.

लोकप्रिय चरित्र काय चीज असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने १९१९ मध्ये लंडनला चित्रं दाखवत व्याख्यानांचे खेळ लावले, तोबा गर्दी खेचली आणि १९२४ मध्ये पुस्तक काढलं. उंट, वाळवंट, पांढरा झगा. ते कोणी पुरावा म्हणून पुढे करत नाही, त्यामुळे त्यापासून फारसा धोका नाही. पानं किती, तळटीपा किती, शेवटी सूची आहे का, हे फरकही सोडून द्या. तळटीपांनी लगडलेली भिकार पुस्तकं मी पुष्कळ पाहिलीत.

मेख आहे ती माहिती कुठून आली यात. रॉबर्ट ग्रेव्ह्जचं चरित्र १९२७ चं, लिडेल हार्टचं १९३४ चं. एक कवी, दुसरा युद्धशास्त्राचा अभ्यासक. दोघेही लॉरेन्सचे स्नेही, दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक. लॉरेन्स तेव्हा हयात होता. त्याने दोघांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, दोघांची हस्तलिखितं वाचली, त्यांवर शेरे मारले. यापेक्षा अधिकृत ते काय असणार? आता वाचक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवतो, तीच हकिकत दोन्हीकडे सापडते आणि तो खूश होतो: दोन साक्षी जुळल्या! पण साक्षीदार दोन नाहीतच. एकच माणूस दोन तोंडांनी बोलतोय, आणि तो माणूस म्हणजे स्वतः चरित्रनायक. हे काही गुपितही नाही. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि तीनच वर्षांनी या दोघांशी झालेला त्याचा पत्रव्यवहार दोन खंडांत छापून आला. चरित्रं वाचणारे तो उघडत नाहीत, एवढंच.

एक नमुना बघा. ग्रेव्ह्ज सांगतो की लॉरेन्सने सहा वर्षांत ऑक्सफर्ड युनियन या तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेच्या ग्रंथालयातली सगळी पुस्तकं वाचून काढली, जवळपास पन्नास हजार. आणि तिथेच सांगतो की तो रोज सहा पुस्तकं घरी नेत असे. आता पाटी-पेन्सिल घ्या. रोज सहा, एकही दिवस खाडा न करता, सहा वर्षं: १३,१४०. उरलेली पस्तीस-छत्तीस हजार कोणी वाचली? गुणाकार तिसरीच्या मुलाला जमेल असा आहे, पण स्नेह्याने सांगितलेली गोष्ट आपण पाटीवर मांडून बघत नाही.

ते काम केलं रिचर्ड ऑल्डिंग्टन या इंग्रज लेखकाने. त्याचं चरित्र इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये आलं, अर्थातच कोणाच्या संमतीशिवाय. त्याने एकच प्रश्न लावून धरला: हे वाक्य मुळात कोणाचं? बहुतेक वाटा फिरून लॉरेन्सपाशीच येत होत्या. पुस्तक बाहेर पडू नये म्हणून लॉरेन्सच्या गोटातल्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं, त्यात लिडेल हार्ट आघाडीवर. पुस्तक आलं तेव्हा परीक्षकांनी ऑल्डिंग्टनला सोलून काढलं. लॉरेन्सच्या आईवडिलांचं लग्नच झालेलं नव्हतं हे त्याने उघड लिहिलं होतं आणि आई तेव्हा जिवंत होती. सगळी चर्चा सभ्यपणावर घसरली, पुराव्याचा प्रश्न कोपऱ्यात राहिला.

पण म्हणून ऑल्डिंग्टन प्रमाण ठरतो का? छे. त्याच्या शाईत विष आहे. जिथे दोन अर्थ निघतात तिथे तो हटकून वाईट तोच उचलतो. ‘घरच्यांना झोंबलं म्हणजे खरंच असणार’ म्हणणारे लोक मला ‘अधिकृत’वाल्यांइतकेच वैताग आणतात.

गंमत म्हणजे १९८९ च्या जेरेमी विल्सनच्या हजारावर पानांच्या ग्रंथावर ‘अधिकृत चरित्र’ असंच छापलंय आणि तरी मी तोच पहिल्यांदा उघडतो. लॉरेन्सच्या धाकट्या भावाने संमती दिल्यामुळे खाजगी कागद मिळाले, हे ठीक. त्याची खरी किंमत आहे ती ब्रिटिश सरकारच्या युद्धकाळातल्या दफ्तरांमुळे. ऑल्डिंग्टन लिहीत होता तेव्हा ती बंद होती. १९१७ मध्ये तिथल्या तिथे पाठवलेला अहवाल आणि त्याच प्रसंगाबद्दल लॉरेन्सने मागाहून लिहिलेली हकिकत विल्सनला शेजारी ठेवून ताडता आली. कुठे जुळतं, कुठे नाही, ते दिसतं. लॉरेन्सवर त्याचा जरा जास्तच जीव आहे, पण कागद समोर असल्यावर तेवढं मी चालवून घेतो.

असली चरित्रं मी आता पेन्सिल घेऊनच वाचतो. हकिकत फिरून नायकाच्याच तोंडून आलीय असं कळलं की समासात ‘लॉ.’ लिहायचं. ग्रेव्ह्जच्या माझ्या प्रतीत आता समासाला जागा उरलेली नाही.