बाडेन-बाडेनच्या स्पा मुक्कामाला निघण्यापूर्वी

जर्मनीत बाडेन-बाडेनला स्पा हॉटेलात राहायला जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी हे पत्रक आहे. तुमचं बुकिंग झालं असेल किंवा व्हायच्या बेतात असेल. व्हिसा, विमा आणि विमानतिकिटांचं पत्रक वेगळं मिळतं, म्हणून ते सगळं इथे पुन्हा उगाळत नाही. फोनवर रोज येणारे प्रश्न आणि ज्या एका चुकीपायी मुक्कामाची मजा निम्मी होते ती चूक, एवढंच लिहितो आहोत. घरातल्या जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. बुकिंग करणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि बरोबरच्यांना तिथे पोचल्यावर कळतं, असं फार वेळा होतं.

ते दिवस रिकामे ठेवा

बुकिंग करताना सगळे एकच सांगतात: "आम्हाला फक्त आराम हवाय." मग तिकिटं हातात पडतात आणि कुणीतरी नकाशा उघडतं. स्ट्रासबुर्ग तर साठेक किलोमीटरवर, हायडेलबर्ग नव्वदच्या आसपास, टिटिझेचं तळंही त्याच ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ जंगलात. एवढ्या लांब आलोच आहोत तर बघून टाकू! बघता बघता आरामाचे तीन दिवस गच्च भरतात आणि त्यांच्या मधल्या फटीत मसाज कोंबला जातो.

पुढे काय होतं ते आम्हाला पाठ आहे. स्ट्रासबुर्गहून येताना गाडी चुकते. साडेतीनचा मसाज साडेपाचला करता येईल का, असा फोन आम्हाला येतो. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे इथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आम्ही लगेच हॉटेलला कळवतो, पण थेरपिस्टचा दिवस केव्हाच भरलेला असतो. चोवीस तासांच्या आत रद्द केलेल्या अपॉइंटमेंटचे पैसे बहुतेक हॉटेलं पूर्ण लावतात. आम्हाला यात हॉटेलची चूक दिसत नाही. त्या बाईंनी तो तास तुमच्यासाठी राखलेला असतो आणि तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

पैसे जातात ते जातातच, पण खरं नुकसान वेगळं आहे. तिथला आराम एका ठरलेल्या क्रमाने मिळतो: उष्णता, गारवा, विश्रांती. सॉनात, म्हणजे लाकडाच्या तापवलेल्या खोलीत, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, बाहेर येऊन मोकळी हवा घ्यायची, गार पाण्याखाली उभं राहायचं आणि मग बाथरोब गुंडाळून विश्रांतीच्या खोलीत निदान अर्धा तास पडून राहायचं. अशी एक फेरी व्हायला तास लागतो आणि अंग खरं सैल पडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. म्हणजे निम्मा दिवस गेलाच. आपली मंडळी त्यातली विश्रांतीची खोली गाळतात, कारण तिथे काहीच घडत नाही. पण काहीही न घडू देण्यासाठीच ती खोली बांधलेली असते. पडून राहण्याचा तो अर्धा तास वगळला, तर हाती राहतो फक्त घाम.

म्हणूनच आम्ही तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम देत नाही. "एकच रात्र द्या, बाकीचे दिवस स्वित्झर्लंडला टाका," असं पुष्कळजण सांगतात. त्यांना नाही म्हणताना आमचाही धंदा जातो, तरी नाही म्हणतो. एका रात्रीचा हिशेब करून पाहा. खोली दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. सॉना संध्याकाळी आठ-नऊला बंद होतो. मध्ये जेवणाची वेळ ठरलेली असते आणि सकाळी अकराच्या आत खोली सोडायची असते. एवढ्यासाठी स्पा हॉटेलचा दर कशाला भरायचा? त्यापेक्षा स्टेशनजवळचं साधं हॉटेल परवडेल. जर्मन माणूस डॉक्टरने लिहून दिलेल्या उपचारासाठी अशा गावात येतो तो साधारण तीन आठवड्यांसाठी. त्यापुढे आमच्या तीन रात्री काहीच नाहीत.

प्रेक्षणीय स्थळं पाहायची असतील तर ती मुक्कामाच्या आधी किंवा नंतर ठेवा. फ्रँकफर्टला उतरून येताना हायडेलबर्ग वाटेत येतं आणि पुढे फ्रान्सला जायचं असेल तर स्ट्रासबुर्ग शेवटी सहज जमतं. असे जोडमुक्काम आम्ही बांधून देतो आणि आखणीचे वेगळे पैसे घेत नाही. अपॉइंटमेंटची वेळ एकदा बदलून देणंही आमच्या सेवेत आहे. दुसऱ्यांदा बदलायची असेल तर मात्र शुल्क लागतं. एकेका बदलासाठी हॉटेलशी तीन-चार निरोप होतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्या कुटुंबाचं काम खोळंबतं.

स्पाच्या दिवशी अगदीच पाय मोकळे करावेसे वाटले तर गावातच पुरेसं आहे. ओस नदीच्या काठाने 'लिश्टनटालर आले' ही जुन्या झाडांची वाट दोन किलोमीटरहून थोडी जास्त आहे. ट्रिंकहाले म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायची जुनी इमारत, तिचा भित्तिचित्रांचा लांबलचक सज्जा १८४२ मध्ये बांधून झाला. ६६८ मीटर उंचीच्या मेर्कुर डोंगरावर केबलने ओढली जाणारी रेल्वे जाते, ती १९१३ मध्ये सुरू झाली. वर छान वारा असतो. तासाभरात उतरून या.

सॉनात कपडे चालतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर सरळ देतो: नाही चालत. जर्मनीत सॉनात स्विमिंग कॉस्च्युम घालून बसत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकाच सॉनात बसतात. यामागे त्यांचं कारण स्वच्छतेचं आहे. कॉस्च्युममध्ये पूलचं क्लोरीन मुरलेलं असतं, कापड घाम अडवतं आणि एवढ्या उष्णतेत ते अंगाला चिकटतं. तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही. आजीआजोबा, मधल्या वयाची जोडपी, एकटी आलेली माणसं, सगळे डोळे मिटून गप्प बसलेले असतात. फोन आत नेता येत नाही, ही फार मोठी सोय आहे.

टॉवेलचा नियम मात्र कडक आहे. अंगाचा कुठलाही भाग थेट लाकडाला लागता कामा नये, तळपायसुद्धा. मोठा टॉवेल बाकावर पसरायचा आणि पाय वर घ्यायचे किंवा पायांखालीही टॉवेल येईल असं बसायचं. संकोच वाटत असेल तर तोच टॉवेल अंगाभोवती गुंडाळलेला सहसा चालतो. आत जाण्यापूर्वी अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा. ओल्या अंगाला घाम उशिरा सुटतो. दोन टॉवेल जवळ असू द्या, एक बसायला आणि एक पुसायला. रिसेप्शनवर मागितलं की मिळतात.

दारावर 'आउफगुस'ची वेळ लिहिलेली दिसली तर पाच मिनिटं आधी जाऊन खालच्या बाकावर जागा धरा. वरचा बाक सगळ्यात गरम असतो. सॉना सांभाळणारा माणूस लाकडी बादली आणि पळी घेऊन येतो, क्षणभर दार उघडून ताजी हवा आत घेतो आणि मग निलगिरीच्या किंवा पाइनच्या तेलाचं पाणी तापलेल्या दगडांवर ओततो. चर्र आवाज होतो, वाफ छताला जाऊन भिडते आणि तो टॉवेल गरगर फिरवून ती गरम हवा एकेकाच्या अंगावर खाली आणतो. असं बहुधा तीनदा होतं. शेवटी सगळे टाळ्या वाजवून बाहेर पडतात. मध्येच आत शिरायला बंदी असते. अस्वस्थ वाटलं तर मात्र बेलाशक उठा, कुणी काही म्हणत नाही.

हे वाचून "आपल्याला नाही जमायचं" असं वाटलं तरी मुक्काम रद्द करण्याचं कारण नाही. सॉनाची सक्ती कुठेच नसते. गरम पाण्याच्या पूलमध्ये कॉस्च्युम घालूनच उतरायचं असतं आणि फक्त तेवढ्यासाठी जाणारे आमचे कितीतरी प्रवासी खूश होऊन परततात. काही हॉटेलांत बायकांसाठी वेगळा सॉना असतो. काही ठिकाणी जोडप्यासाठी किंवा कुटुंबासाठी छोटा खाजगी स्पा तासाच्या भाड्याने मिळतो. कोणत्या हॉटेलात काय आहे हे आम्हाला नेमकं माहीत आहे. फक्त बुकिंगच्या आधी मोकळेपणाने सांगा, नंतर हॉटेल बदलणं महागात पडतं. एक गोष्ट इथूनच घेऊन जा: नायलॉनचा कॉस्च्युम. सुती टीशर्ट, लेगिंग किंवा बर्म्युडा घालून पूलमध्ये उतरू देत नाहीत.

गावातली दोन मोठी स्नानगृहं

बाडेन-बाडेनचं पाणी जमिनीच्या खूप खोलातून येतं आणि सर्वांत गरम झऱ्यांचं तापमान ६८ अंशांच्या घरात असतं. रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली होती, त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या ११ स्पा गावांना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं, त्यात जर्मनीची तीन आहेत: बाडेन-बाडेन, बाड एम्स आणि बाड किसिंगेन. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत उतरलेल्यांना गरम झऱ्याचं अप्रूप वाटणार नाही. पण त्याच पाण्याभोवती एका गावाने आपला सगळा दिनक्रम कसा बसवला आहे, ते पाहण्यासारखं आहे.

फ्रीडरिक्सबाड १८७७ मध्ये सुरू झालं. तिथे १७ टप्प्यांतून क्रमाने जायचं असतं: आधी ५४ अंशांची कोरडी उष्ण हवा, मग ६८ अंशांची, पुढे साबणाचा ब्रश-मसाज, वाफ, कोमट पाण्याची कुंडं, घुमटाखालचा गोल तलाव, १८ अंशांच्या गार पाण्यात एक बुडी, आणि शेवटी गरम चादरीत गुंडाळून झोप. तीनेक तास लागतात. तिथली परंपरा वस्त्राविना स्नानाची आहे. कोणत्या दिवशी स्त्री-पुरुष वेगळे आणि कोणत्या दिवशी एकत्र, याचं वेळापत्रक स्नानगृह ठरवतं, तुमच्या तारखा पाहून आम्ही ते कळवतो. शेजारचं काराकाला थर्मे १९८५ चं आहे. तिथे खालचे सगळे पूल कॉस्च्युम घालून वापरायचे आणि वरच्या मजल्यावरच्या सॉनात कपड्याविना. प्रथमच जाणाऱ्यांना आम्ही आधी काराकाला सुचवतो. हिवाळ्यात उघड्यावरच्या गरम पूलमध्ये बसल्यावर डोक्याभोवती वाफ आणि वर थंडगार आकाश असतं, त्यासाठीच काहीजण डिसेंबर निवडतात. लहान मुलं बरोबर असतील तर दोन्हीकडे वयाची अट आहे, ती आधी विचारून घ्या.

उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात कटिस्नान घेतलेले काही प्रवासी विचारतात की हे तेच का. मुळं जवळजवळची आहेत. गांधीजींनी ज्यांचे प्रयोग स्वतःवर करून पाहिले ते जलोपचारक लुई कुन्हे लाइपझिगचे. थंड पाण्याच्या उपचारांसाठी नावाजलेले पाद्री सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) बव्हेरियातल्या बाड व्योरिसहोफेनचे. निसर्गोपचारात खरा रस असेल तर आम्ही बाडेन-बाडेनऐवजी व्योरिसहोफेनचा मुक्काम सुचवू. तिथे थाटमाट कमी आणि उपचार जास्त.

तब्येत, जेवण आणि बारीकसारीक

रक्तदाब, हृदयाचा त्रास, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॉनात किंवा गरम पाण्यात जाऊ नका. तब्येत ठणठणीत असली तरी गरम पूलमध्ये एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका आणि पाणी भरपूर प्या. भरल्या पोटी किंवा वाइन घेतल्यावर सॉना नाही. विमानातून उतरलात त्या दिवशीही नाही. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एकही अपॉइंटमेंट घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

शाकाहारी जेवण मिळतं, पण "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही. अंडं चालतं का, सूपमध्ये मांसाचा रस नको, गोड पदार्थात जिलेटिन नको, कांदा-लसूण चालतो का, हे सगळं आम्ही जर्मनमध्ये लिहून आधीच पाठवतो. चटणी, मेतकूट, खाकरे खुशाल न्या. खोलीत इलेक्ट्रिक कुकर मात्र लावू नका. वाफेने धुराचा अलार्म वाजला तर अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च पाहुण्याच्या माथी बसू शकतो.

रविवारी दुकानं बंद असतात, औषधं आणि किरकोळ वस्तू शनिवारी घेऊन ठेवा. दर माणशी दर रात्रीचा स्थानिक पर्यटन कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो. तो आमच्या पॅकेजमध्ये धरलेला नाही आणि व्हाउचरवर तसं लिहिलेलं असतं.

अपॉइंटमेंटचा फॉर्म निघण्याच्या तीन आठवडे आधी आमच्याकडे पोचू द्या. मसाज बाईंकडून हवा की पुरुषाकडून, दुखणं मानेचं की कमरेचं, सकाळ बरी की दुपार, एवढं त्यात लिहा. शनिवार-रविवारच्या वेळा सगळ्यात आधी संपतात. फॉर्म वेळेवर आला तर हवी ती वेळ बहुधा मिळते.