बॅटल ऑफ अल्जियर्स बघितला म्हणजे अल्जीरियाचं युद्ध बघितलं असं नाही

बॅटल ऑफ अल्जियर्स हा पिक्चर संपला की बरेच जण हमखास विचारतात, अरे अली (पिक्चरचा हिरो, अली ला पॉइंट) मेला, फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणारी संघटना (एफएलएन) संपली, फ्रेंच जिंकले, मग हे लोक स्वतंत्र झाले कसे? हा प्रश्न पडतो कारण राजधानी अल्जियर्सची लढाई आणि अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध आपण एकच धरून चालतो.

युद्ध १ नोव्हेंबर १९५४ ला सुरू झालं आणि मार्च १९६२ च्या, फ्रान्सबरोबरच्या एव्हियाँ करारावर थांबलं, साडेसात वर्षं, डोंगरात, खेड्यापाड्यात, ट्युनिशियाच्या सीमेवर, जिथे फ्रेंचांनी करंट सोडलेलं कुंपण घातलं होतं. अल्जियर्सची लढाई म्हणजे त्यातलं एका शहरातलं साधारण वर्षभराचं प्रकरण, तेही मुख्यतः कसबाच्या, म्हणजे तिथल्या जुन्या वस्तीच्या, गल्लीबोळांत.

इटालियन दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वोने १९६६ साली पिक्चर काढला तो या लढाईवर. त्यात संघटनेच्या बायका केस कापतात, युरोपियन कपडे घालतात, बास्केटमध्ये बॉम्ब ठेवून चेकपोस्टवरून आरामात निघून जातात. एक जण कॅफेत बसते आणि आजूबाजूचे चेहरे बघते, त्यात आइस्क्रीम खाणारं एक पोरगंही आहे. हे स्फोट खरोखर झालेत, ३० सप्टेंबर १९५६ ला. मग जानेवारी १९५७ मध्ये फ्रेंच जनरल मासूचे पॅराट्रूपर आले, टॉर्चर करून एकेक नाव काढत गेले आणि ऑक्टोबरमध्ये अली ला पॉइंट लपला होता ते घरच उडवलं. शहर फ्रेंचांनी जिंकलं, यात वाद नाही.

(सादी यासेफ हा संघटनेचा तिथला खरा कमांडर, पिक्चरमध्ये जाफर नावाचा कमांडर तोच झालाय, म्हणजे स्वतःच्या अटकेचा सीन स्वतःच केलाय, कमाल आहे. आणि इतकं न्यूजरीलसारखं दिसत असूनही त्यात खरं न्यूजरील फुटेज अजिबात नाही.)

गडबड होते ती यानंतर. पिक्चर १९५७ वरून थेट डिसेंबर १९६० च्या, स्वातंत्र्यासाठी निघालेल्या अल्जीरियनांच्या मोर्चांवर उडी मारतो आणि मधली तीन वर्षं गायब. त्याच तीन वर्षांत, १९५८ ला, या अल्जीरियापायीच फ्रान्सचं सरकार कोसळलं, जनरल दे गॉल सत्तेवर परत आला, टॉर्चरच्या बातम्यांनी फ्रान्समध्येच बोंब झाली, प्रश्न यूएनमध्ये गाजत राहिला. फ्रेंचांच्या बाजूने लढलेले अल्जीरियन, म्हणजे हार्की, त्यांचा विषयही पिक्चर काढत नाही. माझ्या मते ही उडी पिक्चर म्हणून जबरदस्त आहे पण इतिहास म्हणून जरा चीटिंगच, कारण मोर्चे आपोआप उसळल्यासारखे वाटतात. त्यामुळे स्वातंत्र्य कसं मिळालं हे हवं असेल तर आधी १९५८ ते ६२ वाचा, पिक्चर नंतर बघा.