टेस्टचं बटण नेमकं काय तपासतं?

घरातल्या एमसीबींच्या, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, रांगेत एक जरा रुंद स्विच असतो आणि त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण. हीच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. बरेच वायरमन अजून तिला ईएलसीबीच म्हणतात. अनेक घरांत ते बटण बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. ते महिन्यातून एकदा दाबायला हवं.

एमसीबी आहे म्हणून शॉकची भीती नाही, हा समज घातक आहे. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. ओल्या हाताचा २३० व्होल्टला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर अंगातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडून माणूस दगावायला एवढा पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र तो जाणवतसुद्धा नाही.

आरसीसीबी वेगळंच काहीतरी मोजते. तिच्या आत एका चुंबकीय कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. गिझरची कॉइल चिरली, वीज पाण्यात उतरली आणि थोडा प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत गेला, की परत येणारा प्रवाह कमी पडतो. हा फरक कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण करतो आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबीसाठी ही मर्यादा साधारण ३० मिलिअँपिअर असते, आणि तेवढ्या गळतीला ती ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. गळती मोठी असेल तर त्याहून लवकर. किती प्रवाहाला माणसाला हातातली तार सोडता येत नाही, याची मोजमापं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर केली होती. अमेरिकेत याच तत्त्वावर चालणारं उपकरण १९६१ साली त्यांनीच शोधलं.

बटण दाबलं की आतल्या एका रोधातून थोडा प्रवाह कड्याला वळसा घालून जातो, म्हणजे खोटी गळती तयार होते. खटका पडला तर यंत्रणा जिवंत आहे. नाही पडला तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा. बटण दाबताना घरात लाईट असायला हवी, हे ओघानं आलंच.

पण हे बटण अर्थिंग तपासत नाही. घराला अर्थिंग अजिबात नसलं तरी खटका पडतो. अर्थिंग चांगलं असेल तर गळती सुरू होताच प्रवाह हिरव्या तारेनं जातो आणि कुणी हात लावण्याआधीच वीज तुटते. नसेल तर प्रवाहाला वाट मिळते ती तुमच्या अंगातून, आणि आरसीसीबी पडते ती तुम्हाला झटका बसल्यावर. म्हणून अर्थिंग वायरमनकडून वेगळं मोजून घ्या. पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती बायपास करून देणारे भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका. ती पडते कारण कुठेतरी ओल किंवा गळती आहे.

आणखी एक धोका एमसीबी आणि आरसीसीबी या दोघींनाही दिसत नाही, तो म्हणजे सैल जोड. दोन किलोवॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. प्लगच्या जोडात अर्धा ओहम रोध आला, तर तिथे जवळपास ३८ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीतल्या डबीत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. प्रवाह जास्त नाही, गळतीही नाही, त्यामुळे काहीच पडत नाही. प्लगची पिवळी, काळपट झालेली पिन, तापलेला स्विच, जळक्या प्लॅस्टिकचा वास यावर लक्ष आपणच ठेवायचं.

तिथून आग लागलीच, तर पहिली हाक धूरसूचकाची (स्मोक डिटेक्टरची). आपल्याकडे घरात तो क्वचितच असतो. झोपायच्या खोलीबाहेर छताला बसवावा असं मला मनापासून वाटतं. प्रकाशावर चालणाऱ्या सूचकात आतल्या दिव्याचा प्रकाश एरवी संवेदकावर पडत नाही, धुराचे कण शिरले की तो विखरून तिथे पोचतो. फोडणीच्या धुरानंही तो ओरडेल, म्हणून स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा सूचक बरा. दर महिन्याला बटण दाबून भोंगा ऐका, आणि जाळीवरची धूळ झटका, कारण जाळी धुळीनं बंद झाली असली, तरी काही सूचकांत ते बटण दाबून कळत नाही. दहा वर्षांनी तो बदलायचा.

उंच इमारतीत राहत असाल तर आणखी एक कागद बघा. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. सोसायटीच्या कमिटीकडे ते मागा.