क्लिंगॉनमध्ये सर्जाला सर्वनाम कोणतं?

पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लागतो तो सर्जा ‘तो’, आणि सर्जामागचा नांगरही ‘तो’च. आजी ‘ती’, बैलगाडीही ‘ती’. मराठी सर्वनामं लिंग बघतात. समोरचा जीव आहे की लाकूड, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथेतल्या परग्रहावरच्या योद्ध्यांची कृत्रिम भाषा. ती म्हणजे नुसतं खेकसणं, असा समज आहे. पण ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांसाठी ती रचणारे मार्क ओक्रँड हे भाषाशास्त्रज्ञ. त्यांचा क्लिंगॉन शब्दकोश १९८५ मध्ये निघाला, आणि त्यातलं व्याकरण चांगलंच काटेकोर आहे. तिथे लिंगभेद नाहीच. सर्वनाम निवडताना एकच प्रश्न: याला भाषा वापरता येते का?

येत असेल तर ‘ग़ाख़’ (तो किंवा ती), अनेक असतील तर ‘चाख़’. येत नसेल तर ‘’ओख़’ आणि ‘बिख़’. (ख़ घसा खरवडून म्हणायचा, ’ या खुणेपाशी श्वास घशात क्षणभर अडवायचा.) म्हणजे सर्जा, नांगर, गाडी, तिघंही ‘’ओख़’. आजी ‘ग़ाख़’. पोळ्याच्या दिवशी हे कुणाच्या पचनी पडणार नाही, पण नियम जिवंत-निर्जीव असा नाहीच.

बाजारात मान हलवून भविष्य सांगणारा नंदीबैलही ‘’ओख़’च. तो प्रश्न समजून मान हलवत नाही, मालकाच्या इशाऱ्यावर हलवतो. गोड बोलणाऱ्या मोबाइलला ‘ग़ाख़’ म्हणण्याची घाईही, माझ्या मते, जाहिरातीच्याच नादाने होते.

खरी गंमत पुढे आहे. हीच भिंत अनेकवचनातही उभी आहे. पूक़ म्हणजे मूल, पूक़पू’ म्हणजे मुलं; -पू’ हा प्रत्यय फक्त बोलणाऱ्यांचा. इतरांना -मेय, शरीराच्या अवयवांना -डू’. पूक़मेय म्हटलंत तर चूक होत नाही, अर्थ बदलतो: इकडेतिकडे पांगलेली मुलं.

मालकी सांगतानाही तेच. अहिराणीत ‘मना भाऊ’ आणि ‘मना बैल’, दोन्हीकडे ‘मना’. क्लिंगॉनमध्ये ‘माझा मित्र’ जूपवि’, पण ‘माझं जहाज’ डूजविज. मित्राला जूपविज म्हणालात तर व्याकरण शाबूत राहतं, मैत्री राहत नाही. त्याला वस्तूंच्या रांगेत बसवलंत. वरिष्ठाच्या बाबतीत असं बोलणं जवळजवळ निषिद्धच.

‘आहे’ असं क्रियापद या भाषेत नाही; ते काम सर्वनामच करतं. ‘पूक़ ग़ाख़’ म्हणजे ‘तो/ती मूल आहे’. कर्ता सांगायचा तर तो सर्वनामानंतर येतो आणि त्याला -’ए’ लागतो: ‘जूप ग़ाख़ पूक़’ए’’, मूल मित्र आहे. नवखे इथे मराठीसारखा कर्ता आधी ठेवतात आणि फसतात.

आणखी एक खाच: काही नामं मुळातच अनेकवचनी आहेत. एक टॉर्पेडो ‘पेङ’, अनेक ‘चा’. पण ‘चा’ व्याकरणाने एकवचनी धरतात, म्हणून त्याचं सर्वनाम ‘बिख़’ नव्हे, ‘’ओख़’.