घातक रसायनाला सुरक्षित पर्याय निवडणं

घातक रसायन हातमोजे-मास्क घालून वापरत राहण्यापेक्षा ते रसायनच काढून त्या जागी कमी धोक्याचं काहीतरी आणणं, ह्याला सुरक्षित पर्याय निवडणं म्हणतात. सेफ्टीच्या नियमात धोका मुळातूनच काढणं पहिलं, हे दुसरं आणि मास्क सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटंच चालतं ते सोडा.

कोकणात ह्याचं रोजच्या बघण्यातलं उदाहरण म्हणजे हापूस. कच्च्या आंब्यांच्या पेटीत कॅल्शियम कार्बाइडची पुडी टाकली की ओलाव्याने तिच्यातून ॲसिटिलीन सुटतो, वेल्डिंगवाला वापरतो तोच गॅस, आणि आंबा वरून पिवळाधमक होतो पण कापला की बाठीजवळ पांढरट नि आंबट. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असतो, खरी भीती त्याची, म्हणून फळं पिकवायला ते वापरण्यावर देशात बंदी आहे.

आता पर्याय शोधताना 'कार्बाइडऐवजी कुठली पावडर' असं विचारून उपयोग नाही, कार्बाइड तिथे नक्की काय करतं ते बघायचं. ॲसिटिलीन नक्कल करतो इथिलीनची, म्हणजे फळ पिकवणाऱ्या गॅसची, आणि इथिलीन तर आंबा पिकताना स्वतःच सोडतो. आपली अढी त्याच्यावरच चालते, भाताच्या पेंढ्यात थर लावले की ऊब नि फळांचाच गॅस आत कोंडतो आणि आठ-दहा दिवसांत घरभर घमघमाट. पण वाशीला जाणारी गाडी अढीसाठी थोडीच थांबणार, तिथे रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायची बंद खोली लागते. एफएसएसएआय ह्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये त्यासाठी १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भाग हवेत शंभर भाग) इथिलीनला परवानगी दिली. (काही विक्रेते ह्यालाच 'केमिकल-फ्री' म्हणतात, इथिलीन पण केमिकलच की!) हवेत हा गॅस साधारण २.७ टक्क्यांवर गेला तर ठिणगीने पेटतो. १०० पीपीएम म्हणजे ०.०१ टक्का, त्यामुळे नीट चालवलेल्या चेंबरला तो धोका नाही, सिलिंडर गळला तर मात्र आहे.

पर्याय फसतोही. बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन ह्या कथलाच्या विषारी रसायनाचा रंग लावायचे, त्याने फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत कालवांची पैदास बसली, गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. २००८ पासून त्यावर जागतिक बंदी आली. मग तांब्याच्या रंगात सायब्युट्रिन हे शेवाळ मारणारं रसायन मिसळायला लागले, आणि २०२३ पासून त्याच्यावरही बंदी.