काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

"टर्बो बसवला की जुनं डिझेल इंजिन आपोआप जोर धरतं, काळा धूर निघाला की काम फत्ते." अमेरिकेत घरच्या गॅरेजात फोर्ड पिकअपचं 7.3 लिटरचं आयडीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणारं) इंजिन खोलणाऱ्यांना हे हमखास ऐकवलं जातं. दोन्ही चूक. टर्बो फक्त हवा कोंबतो, ताकद डिझेलची. पंपातून येणारं डिझेल वाढवलं नाही, तर फरक बेताचाच. बेसुमार वाढवलं, तर हवा पुरत नाही आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते. तोच तो काळा धूर, म्हणजे सायलेन्सरमधून उडणारा पैसा! धोका मात्र आत असतो: तापमान चढत जातं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळू शकतो. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) मुळातच 21.5:1, म्हणजे आतला दाब आधीच जास्त. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेल्या 1993 च्या इंजिनात हा ताण सोसावा म्हणून पिस्टन जोडणाऱ्या पिनाही जाड केल्या होत्या. पंपाच्या डिझेल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला हात लावण्याआधी एक्झॉस्टवर तापमानाचं मीटर बसवा.