कॅलमझूचे हायस्कूल आणि घरपट्टीचा खटला

जून २०१० मध्ये तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मिशिगन राज्यातल्या कॅलमझू शहरात बारावी संपवलेल्या मुलांपुढे भाषण करायला गेले. डेट्रॉइट आणि शिकागो यांच्या साधारण मधोमध असलेले, जेमतेम पाऊण लाख वस्तीचे हे शहर. तिथल्या कॅलमझू सेंट्रल हायस्कूलने देशभरातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धेत हा मान पटकावला होता. बेसबॉलवेड्यांना हीच शाळा डेरेक जीटरची शाळा म्हणून ठाऊक. १९९२ साली तो इथून बाहेर पडला आणि न्यूयॉर्क यँकीजने त्याला लगेच उचलले. पण अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासात या गावाचे नाव लागले ते त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, एका कोर्टकज्ज्यामुळे.

अमेरिकेत बारावीपर्यंतचे सरकारी शिक्षण फुकट, हे आज आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते तसे नव्हते. लिहिणे, वाचणे आणि हिशेब गावाच्या खर्चाने. त्यापुढे शिकायचे तर बहुतेक ठिकाणी खासगी ‘अ‍ॅकॅडमी’त फी भरावी लागे. शाळांचा पैसा मुख्यतः मालमत्तेवरच्या करातून यायचा. आपल्या घरपट्टीसारखाच तो प्रकार. त्यामुळे शाळेत काय शिकवावे हा वाद फिरून फिरून ‘भुर्दंड कोणी सोसायचा’ यावर येई.

कॅलमझूत १८५८-५९ च्या सुमारास हायस्कूलचे वर्ग सुरू झाले. कायद्याची कागदपत्रे काटेकोर नव्हती, पण शाळा चालू राहिली आणि कर भरला जात राहिला. मग जानेवारी १८७३ मध्ये काही करदाते कोर्टात गेले. त्यांचे म्होरके होते चार्ल्स स्टुअर्ट. हे काही शिक्षणाचा तिटकारा असलेले अडाणी गृहस्थ नव्हते. १८५३ ते १८५९ या काळात त्यांनी मिशिगनतर्फे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसून काम केले होते. हायस्कूल आणि शाळांचा अधीक्षक यांच्यासाठी लावलेला कर वसूल करू नये, एवढीच त्यांची मागणी. युक्तिवाद असा, की लॅटिन-ग्रीक किंवा परकीय भाषा ही मूठभरांची हौस आहे, ज्यांना परवडते त्यांनी ती स्वतःच्या खिशातून भागवावी. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हायस्कूलपर्यंत पोचणारी मुले तेव्हा खरोखरच थोडी होती आणि कर मात्र सगळे भरत होते.

खालच्या कोर्टात स्टुअर्ट हरले. १८७४ साली प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी. ते मिशिगन विद्यापीठात कायदाही शिकवत. हा युक्तिवाद ऐकून आम्हाला बरेच आश्चर्य वाटले, असे त्यांनी निकालात नमूद केले आणि मग राज्याचा इतिहासच उलगडला. मिशिगन हे राज्य होण्याच्या कितीतरी आधी, १८१७ सालच्या कायद्यात, विद्यापीठाची योजना होती (तिला दिलेले ‘कॅथोलेपिस्टेमियाड’ हे नाव उच्चारता उच्चारता जीभ वळते). पुढे राज्यघटनेत फुकट प्राथमिक शाळाही आल्या आणि विद्यापीठही आले. म्हणजे तळमजला सरकारी, माडी सरकारी आणि मधला जिना तेवढा खासगी! राज्याचे धोरण असे असूच शकत नाही, हा कूलींच्या म्हणण्याचा गाभा. हायस्कूलच्या स्थापनेतल्या त्रुटींवर बोट ठेवणाऱ्यांना त्यांनी सांगितले, की इतकी वर्षे सगळ्यांनी चालवून घेतलेली गोष्ट आता उकरून काढता येणार नाही.

या निकालाबद्दल बोलताना एक बारकावा बहुतेकदा निसटतो. प्रत्येक गावाने हायस्कूल काढलेच पाहिजे, असे कूली म्हणाले नाहीत. मतदारांनी रीतसर संमती देऊन कराचा बोजा पत्करला, तर कोणत्या इयत्तेपर्यंत आणि काय शिकवावे यावर कायद्याची आडकाठी नाही, एवढेच ते म्हणाले. अधिकार दिला, सक्ती नाही. पण इतर राज्यांतल्या हायस्कूलवाद्यांना तेवढा आधार पुरला. देशातल्या सरकारी हायस्कुलांत १८९० साली सुमारे २ लाख मुले होती, १९३० साली सुमारे ४४ लाख. अर्थात याचे सगळे श्रेय एका निकालाला देणे भाबडेपणाचे होईल. कारखाने, कचेऱ्या आणि बालमजुरीवरचे निर्बंध यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

‘सर्वांसाठी’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न मात्र बाकी राहिला होता. १९७१ मध्ये कॅलमझूच्या शाळा मंडळाने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र आणण्याची योजना मंजूर केली. निवडणुकीनंतर आलेल्या नव्या मंडळाने ती फिरवली, आणि शेवटी फेडरल न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी ती अमलात आणायला लावली. पुढच्या दशकांत अनेक गोरी कुटुंबे शहराबाहेर गेली. १९८२ साली गावात बनणाऱ्या चेकर टॅक्सीचे उत्पादन थांबले, १९८४ मध्ये गिब्सनचा गिटार कारखाना गेला. अपजॉन ही गावची औषध कंपनी हात बदलत २००३ मध्ये फायझरकडे गेली. शाळांचा पट १० हजारांच्या आसपास येऊन ठेपला.

१० नोव्हेंबर २००५ च्या रात्री शाळा मंडळाच्या बैठकीत अधीक्षक जॅनिस ब्राउन यांनी ‘कॅलमझू प्रॉमिस’ जाहीर केले. शहरातल्या सरकारी शाळांत बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकलेल्या मुलाची मिशिगनच्या सरकारी कॉलेजांतली पूर्ण फी भरली जाईल. नववीत दाखल झालेल्याला ६५ टक्के, त्यानंतर आलेल्याला काही नाही. श्रीमंत-गरीब असा भेद नाही, गुणांची चाळणी नाही. लाभ मिळालेली पहिली तुकडी २००६ ची. पटसंख्या पुन्हा चढू लागली आणि दुसऱ्या शहरांनी ही कल्पना उचलली. स्टुअर्ट यांना या वेळी तक्रारीला जागा उरली नसती, कारण कोणाच्याही घरपट्टीतून एक सेंटसुद्धा मागितला गेला नव्हता. मतदानही झाले नाही. पैसे काही खासगी देणगीदारांचे होते, आणि आपली नावे जाहीर करायची नाहीत ही त्यांची अट होती.